पोह्यावरची शेव आणि पाहुण्यांचं मत

पत्र

"मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. दिवाळीनंतर पुण्याहून दादा-वहिनी आले होते. त्यानंतर पंधरा दिवसांनी नागपूरहून चुलत दीर आणि जाऊबाई आल्या. दोघांनाही मी अगदी तेच दाखवलं. स्टेशनवरून सामानासकट थेट पोहे-जिलबी, मग राजवाडा, काच मंदिर, संध्याकाळी छप्पन दुकान ही खाण्याची गल्ली, रात्री जेवण करून सराफा बाजारातली खाऊगल्ली आणि पहाटे उज्जैन. दीर-जाऊबाई खूश होऊन गेले, अजून फोनवर तळलेल्या गराडू कंदाची आठवण काढतात. दादा-वहिनी मात्र 'नुसती गर्दी, हॉर्न आणि शेव, नाव मोठं लक्षण खोटं' म्हणाले. शिवाय 'तुमचं मराठीही बिघडलंय' हे वर. मला फार लागलं. आता डिसेंबरात मुलीचे होणारे सासू-सासरे ठाण्याहून येतायत. गुरुवारी सकाळी उतरतील, शनिवारी संध्याकाळी परतीची गाडी आहे. व्याह्यांना इतिहासाची आवड आहे. विहीणबाईंना मधुमेह आहे आणि गुडघे दुखतात. शहर एकच, मग मतं इतकी वेगळी कशी? आणि या वेळी मी काय करू?"

उत्तर

ताई,

तुमच्या दादांचा स्वभाव किरकिरा आहे असं पत्रावरून मुळीच वाटत नाही. पुण्याचा माणूस इंदूरला येतो तेव्हा आपण परगावी आलोय असं तो मानतच नाही, खरी गोम तिथे आहे. राजवाडा, होळकर, अहिल्याबाई, पोहे, साबुदाण्याची खिचडी ही सगळी नावं त्याच्या घरातली. नाव ओळखीचं, म्हणजे वस्तूही ओळखीची असणार, असं मनाने आधीच धरलेलं असतं. समोर येतं ते दर वेळी थोडं वेगळं निघतं, आणि वेगळं निघालं की ते त्याला चुकलेलं वाटतं.

नागपूरकराचं तसं होत नाही. त्याच्या गावात पोह्यावर चण्याची झणझणीत तर्री ओततात, त्यामुळे पोहे गावोगावी वेश बदलतात हे त्याला ठाऊक असतं. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरणं आणि परत येणं हे त्याच्या रोजच्या बोलण्यात आहे. तो इंदूरला पाहुणा म्हणून आला, आणि इथे मराठी पाट्या, मराठी आडनावं, गल्लीतला गणपती दिसला की त्याला ते बोनस मिळाल्यासारखं झालं. दादा मात्र बहिणीच्या घरी यावं तसे आले आणि कपाटातल्या वस्तू जागेवर नाहीत म्हणून हिरमुसले.

पोह्यांचंच बघा, कारण तिथेच पहिली ठिणगी पडलेली दिसते. आपल्या घरी कांदा फोडणीत परतलेला असतो, शेंगदाणे खमंग झालेले असतात, वर ओलं खोबरं. इंदुरी गाडीवर खाली उकळत्या पाण्याचं पातेलं आणि त्यावर पोह्यांची मोठी परात असते. पोहे वाफेवर मऊ राहतात, तेल फारसं लागत नाही. दाताखाली बडीशेप येते, साखर जिभेला कळेल इतकी असते. कांदा कच्चा, वरून घातलेला. मग शेव, जिरावण, लिंबू, कुठे डाळिंबाचे दाणे. जिरावण म्हणजे जिरं, धणे, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, हिंग आणि गरम मसाले यांची पूड. 'आपल्यासारखेच पोहे असतात हो' असं सांगून ही प्लेट दादांच्या हाती दिली असेल, तर पहिल्या घासाला त्यांना 'कांदा कच्चा राहिलाय' असंच वाटणार. हीच प्लेट 'हा माळव्याचा प्रकार आहे, घरच्या पोह्यांशी याचा संबंध नाही' असं सांगून दिली की जीभ तुलना करायच्या आधी चव घेते. वाक्य अगदी साधं आहे, पण ते घासाच्या आधी बोलायचं असतं. तोंड वाकडं झाल्यावर तेच वाक्य सारवासारव वाटते.

सराफ्यातल्या साबुदाण्याच्या खिचडीचंही असंच होतं. तुपा-जिऱ्यात परतलेली, दाण्याच्या कुटाची खिचडी डोळ्यासमोर ठेवून कोणी गेला, तर वाफेवरची, मसाला आणि फराळी मिक्स्चर कालवून दिलेली खिचडी पाहून तो बुचकळ्यात पडतो. शिकंजीचं तर विचारूच नका. लिंबाचं सरबत समजून मागवावी आणि समोर यावा दुधाचा, सुकामेवा घातलेला, चमच्याने खावा इतका दाट गोड पेला. नावाने फसवणाऱ्या या तीन गोष्टी आधी सांगून ठेवा.

आता थोडं तुमच्याबद्दल, ताई. रागावू नका. पत्रात 'आमचं इंदूर' असं कुठे लिहिलेलं नाही, पण कळकळ कळली. २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर (सातव्या वेळी सुरतबरोबर), याचा अभिमान इंदूरकराला असणारच, असावाच. पण पाहुणा गाडीतून उतरायच्या आत 'देशातलं सर्वात स्वच्छ शहर' असं ऐकवलं की तो शहर बघत नाही, जमिनीवर कागदाचा कपटा शोधतो. आणि दहा मिनिटांत त्याला तो सापडतो. शिवाय स्वच्छ आणि देखणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्या झाडलेल्या असतात, पण डोक्यावर तारांची जाळी असते, दुचाक्या अंगावर येतात, हॉर्न थांबत नाहीत. पाहुणा यातलं काही बोलला तर 'हो, खरंय, इथलं ट्रॅफिक वाईटच आहे' एवढं म्हणा. बाजू मांडायला लागलात की पाहुण्यालाही आपलं म्हणणं सिद्ध करावं लागतं, आणि मग दिवसभर तो पुरावेच गोळा करतो.

स्वच्छता सांगण्यापेक्षा दाखवा, आणि ती दाखवायची जागा तुमच्याकडे फार सुंदर आहे. रात्री दहाला सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते, तेलाचे कढईभर वास, हातोहात फिरणाऱ्या पत्रावळ्या. तीच गल्ली सकाळी सातला बघायची. रात्रीतून झाडलोट झालेली असते, दागिन्यांच्या दुकानांची शटर बंद, आणि काल इथे हजारो माणसं जेवून गेली याची खूण नाही. काही बोलू नका, फक्त त्या गल्लीतून चालत न्या. घरासमोर कचऱ्याची गाणं लावलेली गाडी येते तेव्हाही पाहुण्यांना गॅलरीत उभं राहू द्या, ओला-सुका वेगळा टाकताना त्यांना दिसेल. मात्र पाहुण्याच्या हातून चुकून कागद खाली पडला तर सगळ्यांदेखत टोकू नका. स्वतः उचला आणि पुढे चला. त्या एका टोकण्याची आठवण तीन दिवसांच्या पाहुणचाराला पुरून उरते.

मराठीबद्दल जे बोललं गेलं ते लागणारंच. अठराव्या शतकापासून माळव्यात राहिलेल्या घरांनी ही भाषा हिंदीच्या भर वस्तीत टिकवली. 'मी येऊन राहिलोय' म्हणणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठीच बोलत आलाय, हे पुण्या-मुंबईच्या माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. व्याह्यांसमोर हा विषय निघाला तर शुद्ध-अशुद्धाच्या वादात पडू नका. तुमच्या सासूबाईंच्या पिढीचे शब्द, आजोळचा माळवी शब्द, काय कुठून आलं ते सांगा. इतिहासाची आवड असलेल्या माणसाला असल्या गोष्टी ऐकायला फार आवडतात. तुमची लेक त्यांच्या घरी जाणार आहे, तेव्हा तिच्या बोलण्यातलं वेगळेपण आत्ताच कौतुकाने ऐकलं गेलं तर बरंच.

पुढे जायच्या आधी ठाण्याला एक फोन करा. 'काय काय बघायचंय?' असं विचारू नका, त्याला 'काहीही चालेल' हेच उत्तर येतं आणि ते कुणाच्या उपयोगाचं नसतं. सकाळी उठायची वेळ कोणती, दुपारी पडायची सवय आहे का, गेल्या प्रवासात कशाचा त्रास झाला, हे विचारा. शेवटच्या प्रश्नातून सर्वांत जास्त कळतं. जिना, उन्हातली रांग, वेळेवर न मिळालेलं जेवण, यापैकी काय त्यांना टोचतं ते समजलं की अर्धं काम झालं. माणूस शहरावर चिडतो असं आपण म्हणतो, पण खूपदा तो भुकेवर, झोपेवर आणि दुखऱ्या पायांवर चिडलेला असतो. दादा-वहिनी रात्रभराच्या प्रवासातून उतरले, आंघोळ नाही, हातात बॅगा, आणि थेट गाडीवर उभ्याने पोहे. नंतर त्याच दिवशी मध्यरात्रीपर्यंत सराफा, आणि पहाटे उज्जैन. त्या चोवीस तासांत कोणतंही शहर वाईटच दिसलं असतं. तुमचे दीर-जाऊबाई तगले, ते त्यांच्या अंगातल्या ताकदीवर.

म्हणून गुरुवारी सकाळी काहीही दाखवू नका. घरी आणा, चहा, आंघोळ, साधा वरण-भात, आणि दुपारी दोन-अडीच तास झोप. इंदूर हे रात्रीचं गाव आहे. 'सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा' असं जुने लोक म्हणत आले ते उगाच नाही. रात्रीसाठी माणूस ताजा असला पाहिजे.

गुरुवारचा सराफा नीट जमवा, शुक्रवार-शनिवारपेक्षा गर्दीही कमी असते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरून जेवून निघणं, ती या वेळी टाळा. चारच्या चहाबरोबर मूठभर चिवडा, त्यानंतर काही नाही. घरून रिक्षाने राजवाड्यापर्यंत जा. आपली गाडी नेलीत तर जागा शोधण्यात पाऊण तास आणि नवऱ्याचा मूड दोन्ही जातील. राजवाड्यामागून पाच मिनिटं चाललं की सराफा. सराफी दुकानं मिटतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर ठेले लागतात. नऊच्या सुमारास पोचा, साडेदहाला निघा. चपला सपाट आणि न घसरणाऱ्या हव्यात, गल्ली मधूनमधून ओली असते. डिसेंबरात रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, विहीणबाईंची शाल तुमच्या पिशवीत ठेवा.

चार माणसांत प्रत्येक पदार्थाची एकच प्लेट. तिखट-खारट आधी, गोड शेवटी. सुरुवात दहीवड्याने करा. वडेवाला दह्याची वाटी हवेत उडवून झेलतो आणि चिमटीचिमटीने वेगवेगळे मसाले सोडतो, ते बघताना पाहुणे आपोआप सैल होतात. मग भुट्ट्याचा कीस. किसलेला मका दुधात शिजवून हिरवी मिरची, हिंग-मोहरीची फोडणी दिलेला, वर खोबरं आणि लिंबू. दिसायला फिका, उपम्यासारखा, त्यामुळे रूपावर जाऊन बरेच जण नको म्हणतात. एक चमचा द्या, पण आग्रह करू नका. मग गराडू. हा कंद थंडीतच मिळतो, म्हणून डिसेंबर तुमच्या पथ्यावर पडलाय. तळून ठेवलेले तुकडे मागणी आल्यावर पुन्हा कढईत सोडतात, बाहेरून कुरकुरीत झाले की मसाला आणि लिंबू. कढईतून निघाल्यापासून चार-पाच मिनिटांत खाल्ले पाहिजेत, गार झाले की आतून चिकट लागतात आणि 'यात काय विशेष' असं होतं. घेतलेली प्लेट हातात धरून बसायची जागा शोधत फिरू नका. आधी विहीणबाईंना एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर बसवा, मग प्लेट मागवा.

गोडात व्याही आणि तुम्ही मालपुवा-रबडी किंवा जलेबा बघा. जलेबा म्हणजे एकच जिलबी, पाव किलोच्या आसपास, चौघांत पुरून उरणारी. इथे विहीणबाईंची कोंडी होते. 'एक घास, एकाने काय होतंय' हे आपल्याकडचं लाडकं वाक्य या वेळी तुमच्या घरातल्या कुणाच्याही तोंडून येता कामा नये. मधुमेहाच्या माणसाला ते प्रेम वाटत नाही, प्रत्येक घासाला नकार द्यायची कटकट वाटते, आणि 'सगळं गोडच होतं बाई' हे मत तिथे तयार होतं. दहीवडा घेताना त्यांच्यासाठी गोड चटणी घालू नका असं तुम्हीच आधी सांगा. पोह्यात साखर असते हेही कानावर घाला, म्हणजे किती खायचं ते त्या ठरवतील.

शुक्रवारी उज्जैन नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. अंतर ५५ किलोमीटर, पण पहाटे चारच्या भस्मारतीसाठी आधीपासून नोंदणी, ओळखपत्र, मध्यरात्री उठणं, थंडीत तासन्‌तास बसणं, पुरुषांना धोतर आणि बायकांना साडी हे सगळं येतं. ज्याच्या मनात महाकालाची ओढ आहे त्याला यातलं काही जाणवत नाही, ज्याला नेलं म्हणून आलाय त्याला प्रत्येक गोष्ट जाणवते. फोनवर त्यांनी स्वतःहून महाकालाचं नाव काढलं तर बेत बदला आणि भस्मारतीऐवजी दिवसाचं दर्शन घ्या. नाव काढलं नाही तर महेश्वर.

महेश्वर व्याह्यांसाठी का, ते सांगते. अहिल्याबाई शोधत माणसं इंदूरच्या राजवाड्यात येतात आणि थोडी निराश होतात, कारण १७६७ ते १७९५ हा त्यांचा कारभार महेश्वरहून चालला. तिथल्या किल्ल्यात त्यांची राजगादी आहे. लाकडी खांबांची पडवी, पांढरी बैठक, एवढंच. भपका शोधणाऱ्याला पाच मिनिटांत बघून होते. काय बघतोय हे माहीत असलेला माणूस तिथे गप्प होतो. वाटेत व्याह्यांना दोन गोष्टी सांगितल्या तर बैठकीचा साधेपणा त्यांना उणीव वाटणार नाही. आणि राजगादी इथे नाही, तिथे आहे, हेही आधीच सांगा.

अंतर साधारण ९५ किलोमीटर, मुंबई-आग्रा रस्त्याने मानपूरचा घाट उतरून धामनोदहून. सकाळी सातला निघालात तर साडेनऊपर्यंत पोचाल, घाटात ट्रक अडकले तर अर्धा तास जास्त. किल्ल्यातून नर्मदेच्या घाटावर जायला दगडी पायऱ्या आहेत. विहीणबाईंना त्या झेपणार नसतील तर 'थोड्याच आहेत' असं खोटं सांगू नका. त्यांना हातमाग बघायला न्या. माहेश्वरी साडीची किनार उलट-सुलट दोन्ही बाजूंनी नेसता येते, ते विणताना बघण्यात तास कसा जातो कळत नाही, आणि बसायला मिळतं. दुपारी तीनला परत निघा, संध्याकाळी घरी. त्या रात्री कुठेही नेऊ नका, खिचडी-कढी आणि लग्नाच्या याद्या.

मांडू पावसाळ्यातलं, तेव्हा ते पुढच्या खेपेला. तलाव भरलेले असताना जहाज महाल जहाजासारखा दिसतो. छप्पन दुकान या खेपेला सोडून द्या.

शनिवारी सकाळी सातला सराफ्याची ती झाडलेली गल्ली, मग तिथूनच जवळ पोहे. आता मंडळींची झोप झालेली आहे, ती रुळलेली आहेत, आणि पोह्यांबद्दल त्यांना आधीच सांगितलेलं आहे. सात-आठच्या सुमारास पोहे उत्तम असतात, दहानंतर परातीच्या कडेचे कोरडे पडू लागतात. राजवाडा उघडेपर्यंत कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून, म्हणजे होळकरांच्या स्मारकांवरून, एक चक्कर मारा. राजवाड्यात आत जायच्या आधी चौकातून पूर्ण दर्शनी भाग बघू द्या. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत आग लागून मोठा भाग जळाला, पुढे तो जुन्या घडणीप्रमाणे उभा केला. हे माहीत नसलं तर आतल्या नव्या भिंती बघून 'जुनं काही राहिलंच नाही' असं वाटतं. माहीत असलं तर माणूस जुनं-नवं कुठे जोडलंय ते शोधत फिरतो. वेळ उरला तर काच मंदिर, वीस मिनिटं पुरतात. खजराण्याच्या गणपतीला जायचं असेल तर बुधवार टाळतात, इकडे गणपतीचा वार बुधवार. तुमच्या दिवसांत तो येत नाही, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळीही जमेल. पुढेमागे कुणी सोमवारी आलं तर लक्षात ठेवा, राजवाडा आणि संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात.

शेवटच्या दोन तासांकडे तुमचं सर्वांत जास्त लक्ष असू द्या. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी एकदा १४ अंशांच्या थंड पाण्यात ६० सेकंद हात धरला. दुसऱ्यांदा तसाच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, त्या वेळात पाण्याचं तापमान हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला प्रकार निवडला, त्रास जास्त वेळ असूनही, कारण शेवट जरा बरा होता. पाहुण्यांचंही असंच होतं. आपल्याकडे मात्र शेवट हमखास बिघडतो. गाडीला तास उरलेला, कुणीतरी शेव-मिक्स्चर आणायला बाजारात पळालेलं, रस्त्यात कोंडी, प्लॅटफॉर्मवर धावपळ, आणि निरोप धड घेतलाच नाही. बांधून द्यायचं सगळं गुरुवारीच आणून ठेवा. स्टेशनला एरवी लागतो त्याच्या दुप्पट वेळ धरा. दुपारचं जेवण हलकं द्या, आणि निघण्यापूर्वी अर्धा तास अंगणात नुसतं बसा, हातात चहा, लेक शेजारी. 'कसं वाटलं इंदूर?' असं मात्र विचारू नका. विचारलं की माणसाला निकाल द्यावा लागतो, आणि होणाऱ्या व्याह्यांच्या तोंडून निकाल मागण्यात तुमचंच मन परत धास्तावेल.

आणि जिरावणाची पुडी दोन पिशव्यांत घट्ट बांधून खाण्याच्या सामानात द्या, कपड्यांच्या बॅगेत नको. साड्यांना लागलेला हिंगाचा वास दोन धुण्यांत निघत नाही.